सगळ्याला चालणारी लेन्स

"अठरा-पंचावन्नची लेन्स तुमच्या कॅमेऱ्याला आहेच," जितेंद्र म्हणाला. "घरातलं, जवळचं, माणसांचे घोळके त्यात छान येतात. लांबचं हवं तर ही सत्तर-तीनशे. दोन्ही एकातच हवं असेल तर अठरा-तीनशे. नाहीतर अठरा-एकशेचाळीस."

"मला सगळंच काढायचंय," नूतन म्हणाली. "पक्षी, लग्नं, पानांवरचे किडे."

"मग गोंधळ होणारच."

गोंधळ व्हायलाच हवा होता. जळगावच्या या दुकानात ती लेन्स घ्यायला आलीच नव्हती. ती मुलगा पाहायला आली होती.

स्थळ रत्नामामीने आणलं होतं. मुलाचं कॅमेऱ्यांचं दुकान, पत्रिका जुळलेली. "मुलगा रागीट आहे का?" एवढंच नूतनने विचारलं होतं. "अगं, दुकानदार माणूस गिऱ्हाइकावर रागावेल का?" मामी म्हणाली. हे काही उत्तर नव्हतं. मागच्या वर्षी ठरलेल्या मुलाने साखरपुड्यानंतर पंधरवड्यातच हॉटेलात वेटरच्या अंगावर पाण्याचा ग्लास फेकला होता. तिने त्याच संध्याकाळी अंगठी परत केली. पुन्हा तसं व्हायला नको होतं.

म्हणून आज तिने धुळ्याच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून रजा घेतली आणि कुणाला न सांगता जळगावची बस धरली. ओळखलं जाण्याची भीती नव्हती. मामीने पाठवलेला फोटो स्टुडिओवाल्याने इतका घासूनपुसून दिला होता की आईनेही विचारलं होतं, "ही कोण?" ओळखीचा उरला होता तो फक्त गळ्यातला कॅमेरा.

पदार्थ कुठे वितळतो हे पाहायचं तर तो तापवावा लागतो. ती जितेंद्रला तापवत होती. लेन्स लावून घेतली, काढायला लावली, पुन्हा लावायला सांगितली. दाराशी जाऊन समोरच्या भांड्यांच्या दुकानाची पाटी टिपली, परत येऊन म्हणाली, "मघाची बरी होती का?" तो मघाची लावून द्यायचा. कपाळावर आठी नाही.

शेजारच्या स्टुलावर टोपी घातलेले एक आबा बसले होते. हातातली लेन्स दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून उलटसुलट पाहत होते.

"मना नातूले लेवानी शे," ते तिला म्हणाले. "तू कोनता गावनी, माय?"

"धुळ्याची."

"मंग माले सांग. हाऊ नळा लांब कसा व्हस?"

तिला शिकवायला आवडायचं. तिने काउंटरवरचं भिंग उचललं, त्याच्याखाली बिलाचा कागद धरला आणि भिंग वरखाली करून अक्षरं लहानमोठी कशी होतात ते दाखवलं. नळ्यात अशी बरीच भिंगं असतात, ती मागेपुढे सरकली की लांबचं जवळ येतं.

"आनि एकच लिधी ते बठ्ठं दिखी का?"

"एकाच लेन्समधून सगळं दिसेल, आबा. पण मिक्सरवर सगळं वाटलं जातं ना, तसं. पाट्यावरच्या चटणीची चव येत नाही."

आबा खूश होऊन हसले. वारा फार लागत होता म्हणून त्यांनी मागे हात नेला आणि न पाहताच पंख्याचं बटण बंद केलं. चहा आला. त्यांचा वेगळा, बिनसाखरेचा. नातवासाठी घ्यायची म्हणतात, पण घ्यायचं काही नसताना रोज येऊन बसणारे असावेत, तिने मनात नोंद केली.

"अठरा-तीनशे देऊन टाका," तिने मुद्दाम म्हटलं. ती सगळ्यांत महाग होती.

जितेंद्रने मान हलवली. "मला विकायला आवडेल. पण तीनशेला ती जरा धूसर होते, आणि वजनाने मान दुखेल. तुम्हाला एकशेचाळीस पुरे."

"आणि पक्षी?"

"पक्ष्यांसाठी चार पावलं पुढे जायचं. उडाला तर उडाला."

तिला हसू आलं. आपण नेमकं काय मोजत होतो, हे तिला क्षणभर आठवेना. लेन्स फडक्याने पुसणाऱ्या त्याच्या बोटांकडे ती पाहत होती. ती बोटं कशाचीच घाई करत नव्हती.

"माय, आखो एकदाव सांग," आबा म्हणाले. "हाऊ नळा लांब कसा व्हस?"

तिने पुन्हा सांगितलं. भिंग, कागद, सगळं.

"आबा, पुरे आता," जितेंद्र हळूच म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "पक्षी कुठे काढता तुम्ही?"

लेन्सबाहेरचा हा पहिला प्रश्न होता. तिच्याकडे उत्तर होतं: नकाणे तलाव, पहाटेचं धुकं, पाण्यात एका पायावर उभा बगळा. ती बोलणार तेवढ्यात आबांनी तिच्या बाहीला हात लावला.

"पन माय, हाऊ नळा..."

"आबा, दोनदा सांगितलं ना! नसेल कळत तर राहू द्या. माणसाला बोलू तरी द्या!"

नूतनने बाही ओढून घेतली. आबांनी लेन्स काचेवर जपून ठेवली, टोपी सारखी केली.

"बरं, माय," ते म्हणाले.

जितेंद्र आधीच पुसलेली लेन्स पुन्हा पुसत राहिला. "एकशेचाळीसच देऊ?" त्याने वर न पाहता विचारलं.

"द्या," ती म्हणाली. बिलासाठी तिने नाव रूपा असं सांगितलं. त्याने क्षणभर पेन थांबवलं आणि तेच लिहिलं. शेवटी दमला बिचारा, तिला वाटलं. पण दमणं वेगळं, रागावणं वेगळं. एवढं छळूनही त्याचा आवाज चढला नव्हता.

बस पारोळ्याच्या पुढे आली तेव्हा मांडीवरचं खोकं तिने घट्ट धरलं होतं. मामीचाच फोन आला.

"मामी, मी करणारच होते. होकार..."

"थांब, नूतन. त्यांचाच नकार आलाय."

"पण पत्रिका तर..."

"जुळली होती की! सकाळपर्यंत उड्या मारत होते. आता म्हणतात, पोरगी हुशार शे, समजाडीबी चांगलं सांगस, पन रागीट शे. अगं, ज्यांनी तुला अजून डोळ्यांनी पाहिलं नाही..."

"कोण म्हणालं?"

"मुलाचे आजोबा. म्हणे, तिसऱ्यांदा विचारलं की चिडते."