रविवारचं काम

आमच्या टेसाच्या सायकलला मागचं चाक नवं बसवून झालं, तरी माझा नवरा क्लाइव्ह उठेना. पुढचा ब्रेक दाबून त्याने सायकल पुढेमागे हलवली. हँडलच्या मुळाशी टक्‌ टक्‌ वाजलं.

“पोर महिनाभर सांगत होती, ‘बाबा, हँडल डुगडुगतंय.’ मी आपला, रविवारी करतो, रविवारी करतो!”

“बेताने आवळ रे, वळताना अडेल,” सायकल क्लबातला डग म्हणाला. “हात आहे की पकड तुझा?”

क्लाइव्हने बोल्ट जरासा सैल केला. हँडल अलगद वळलं, आवाजही थांबला. मी मनातच प्रभूला हात जोडले.

मग आम्ही तिघांनी ती सायकल चाकांसकट पांढरी रंगवली, टेसाला ट्रकने उडवलं त्या कॅसलमेनच्या वळणावरच्या खांबाला तिची आठवण म्हणून कायमची बांधून ठेवायला.