मूळ कागदपत्रं परत करण्याबाबत

"ह्यो काय माजुरेपणा हाय?" संस्थाचालक आण्णासाहेबांनी फोन टेबलावर आपटला. "माझ्या लेकराची सनद अडकवून ठेवणार? दोन वर्षं? त्यो काय वेठबिगार हाय का?"

त्यांच्याच शाळेत शिकवणारी क्षमा दारातच थांबली. आण्णासाहेबांच्या कुलदीपला पुण्यात इंजिनिअरची नोकरी लागली, याचे पेढे शाळेत मागच्याच आठवड्यात वाटले होते. आता कंपनीनं त्याच्याकडून सगळे मूळ कागद जमा करून घेतले होते. दोन वर्षांत नोकरी सोडली तर कागद मिळणार नव्हते.

क्षमाही कागदांसाठीच आली होती, स्वतःच्या. आज दुसऱ्यांदा. उद्या सकाळी दहाला धाराशिवला तिची कागदपत्रं तपासणी होती, सरकारी भरतीची. तीन वर्षं अभ्यास करून यादीत नाव आलं होतं. मूळ कागद दाखवले नाहीत तर नाव कटणार होतं. आणि ते कागद भूमच्या या माळावरच्या शाळेत, ऑफिसच्या कपाटात, कुलपाआड होते.

"बरं झालं आलात, मॅडम. तुमचं मराठी चांगलं हाय. बसा, लिव्हा. शाळेच्या लेटरहेडवर लिव्हा, वजन पडतंय."

ती बसली. बसावंच लागलं.

"लिव्हा. मूळ प्रमाणपत्रं ही उमेदवाराची स्वतःची मालमत्ता आहे. ती अडकवून ठेवणं म्हणजे..." आण्णासाहेब शब्द शोधत पंख्याकडं बघू लागले.

"गुलामगिरी," क्षमा म्हणाली.

"गुलामगिरी! लिव्हा."

तिनं लिहिलं. पेन कागदात रुतत होतं. याच खुर्चीवर जूनमध्ये तिची मुलाखत झाली होती. तुमच्या अपेक्षा काय, असं आण्णासाहेबांनीच विचारलं होतं. तिनं खरंच सांगितल्या. नेमणुकीचं पत्र लेखी द्या, आठवड्याला एक सुट्टी द्या, आणि माझे कागद माझ्याकडं राहू द्या, झेरॉक्स ठेवून घ्या. त्यावर ते पोट धरून हसले होते. आजकालच्या पोरांना नोकरीच्या आधी अपेक्षा असतात, म्हणाले होते. मग विचारता कशाला, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण घरात कमावणारी ती एकटी होती. तिनं जीभ आवरली आणि बी.एस्सी., बी.एड.चे सगळे कागद मुकाट्यानं टेबलावर ठेवले.

"पुढं लिव्हा. असे कागद ठेवून घ्यायचा अधिकार कुठल्याच कंपनीला नाही. चोवीस तासांत परत करावेत."

तिनं 'कोणत्याही कंपनीस अथवा संस्थेस' असं लिहिलं. आण्णासाहेबांनी वाचलं आणि मांडीवर थाप मारली.

"संस्थेस बी घातलंत! लई झ्याक. निसटायला जागाच ठेवली न्हाय."

त्यांनी झोकात सही केली.

"आण्णासाहेब, माझे कागद..."

"परत तेच? मॅडम, ते येगळं हाय. मधीच बाई गेली तर लेकरांचं नुकसान होतंय. एप्रिल संपू द्या, मग न्या. आता हे पत्र मच्छिंद्राकडं द्या, शिक्का मारून आजच धाडा म्हणावं."

स्वतःचं लेकरू ते लेकरू, दुसऱ्याचं ते कार्टं! त्यांच्या तोंडावर पत्र फाडून टाकावं असं तिला वाटलं. फाडून काय मिळणार होतं? ती उठली.

शेजारच्या खोलीत मच्छिंद्र बसायचे. शाळा निघाली तेव्हापासूनचे कारकून. शिक्का, कपाटाची किल्ली आणि जावक रजिस्टर त्यांच्याच ताब्यात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची रजिस्टरात नोंद करायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी पत्राला नंबर दिला, गोल शिक्का मारला आणि विषय उतरवून घ्यायला पत्र वाचायला घेतलं. वाचता वाचता ते थांबले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मामा, सही कुणाची आहे?" क्षमानं विचारलं.

"आण्णाची."

"आणि शिक्का?"

"आपलाच."

"मग कपाट उघडा."

मच्छिंद्रांनी दाराकडं बघितलं. "मॅडम, माझी नोकरी जाईल."

"माझी तर लागायच्या आधीच चाललीय, मामा. उद्या दहाला. तुमच्या हातानं कपाटात गेलेत माझे कागद. तुम्हाला रात्री झोप कशी लागते?"

असं ती कुणाशीच बोलली नव्हती आजवर. मच्छिंद्रांनी पत्रावरची सही पुन्हा एकदा बघितली. मग खिशातून किल्ली काढून ते उठले.

तिला वाटलं, ते तिचा एक लिफाफा काढतील. त्यांनी अकरा काढले. शाळेतल्या सगळ्या गुरुजींचे, बाईंचे. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर शिपायाकरवी एकेकाला बोलावलं आणि रजिस्टरात सही घेऊन ज्याचा त्याला दिला. कुणी काही विचारलं नाही. गणिताचे योगीराज सर तर लिफाफा शर्टाच्या आत घालून पळालेच.

क्षमानं सही केली तेव्हा दारात आण्णासाहेब उभे होते. पत्र गेलं का हे बघायला आले होते. त्यांची नजर उघड्या कपाटावर गेली. लिफाफ्यांचा कप्पा रिकामा होता.

"मच्छिंद्रा! कुणाला इचारून वाटलेस कागद?"

मच्छिंद्रांनी शिक्का मारलेलं पत्र दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरलं.

"इचारायचं काय त्यात, आण्णा? तुमच्याच सहीचा हुकूम हाय. पुण्याला पोचायला दोन दिस लागत्याल, म्हणून म्या हितनंच सुरुवात केली."