दोन झाकणं

बस शेवटचं गाव मागे टाकून घाटाला लागली, तेव्हा गवंड्याच्या बायकोने पिशवी मांडीवर घेतली, कपड्यांच्या तळाशी हात घातला आणि टॉवेलात गुंडाळलेली बाटली बाहेर काढली. शेजारी गवंडी खिडकीचा गज धरून बसला होता. गज थरथरत होता की हात, हे कळायला मार्ग नव्हता.

"आठ वाजले?" त्याने विचारलं.

"वाजले. जरा दम धरा."

व्यसन सोडवणाऱ्या दवाखान्याचा पत्ता काढता काढता तिचे तीन आठवडे गेले होते. गावातल्या नर्सने एक नंबर दिला, त्या नंबरवाल्याने दुसरा, आणि दुसरा काही केल्या लागेना. शेवटी फोनवर एक डॉक्टर सापडला तो पाच तासांच्या वाटेवरचा. खाट एकच रिकामी होती, आणि तीही आज दुपारपर्यंतच धरून ठेवतो म्हणाला. "पण दारू एकदम तोडू नका," हे त्याने दोनदा बजावलं. "इतक्या वर्षांची सवय एकदम तुटली की फिट येते, माणूस हातचा जातो. सकाळपासून दर दोन तासांनी दोन झाकणं द्या. इथं पोचेपर्यंत तुम्हीच त्याच्या डॉक्टर."

अकरा वर्षं जिच्या नावाने बोटं मोडली, ती दारू आता तिलाच मापून पाजायची होती. पहाटे घरात सासूबाईंच्या डोळ्यांदेखत तिचा धीर झाला नाही. त्यांना काही सांगितलंही नाही, लाज वाटली. गवंड्याला हळूच म्हणाली, आठ वाजता बसमध्ये देते. काल संध्याकाळपासून गवंड्याच्या पोटात थेंब नव्हता. सासूबाई आताही मागच्याच बाकावर होत्या, पण निदान त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

तिने मापासाठी आणलेलं खोकल्याच्या औषधाचं झाकण पिशवीतून काढलं आणि नेहमीच्या सवयीने श्वास रोखून त्यात ओतलं. त्या वासाने तिला मळमळायचं.

"वा! बायको असावी तर अशी," पलीकडच्या बाकावरचा टोपीवाला म्हणाला. दोघे-तिघे हसले.

कंडक्टर उठून आला. "बाई, गाडीत हे चालणार नाही."

"औषध आहे."

"हो, आम्हीपण रोज हेच औषध घेतो," टोपीवाला म्हणाला, आणि आता अर्धी बस हसली.

तिने कुणाकडे पाहिलं नाही. गवंड्याच्या दातांवर झाकण कडकड वाजलं. एक प्यायला, दुसरं प्यायला. मग त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं.

"पाणी आहे," तो म्हणाला.

"काहीतरीच काय!"

"पाणी पाजतेस मला? तू देईन म्हणालीस म्हणून आलो ना मी गुमान?"

तिने बाटली नाकाशी नेली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच छातीभर श्वास घेतला. कसलाच वास नव्हता. तिने मागे वळून पाहिलं. सासूबाईंनी आधीच मान खाली घातली होती.

"सकाळी कपडे नीट लावताना सापडली मला," त्या हळूच म्हणाल्या. "वाटलं, यानेच दडवली. आपण नेहमी करतो तेच केलं गं. ओतली न् पाणी भरलं. तुला बोलले नाही. म्हटलं, आज तरी तुला तो ताप नको."

त्या घरात सासू-सुनेचं या एका बाबतीत कधी दुमत झालं नव्हतं. बाटली दिसली की मोरीत ओतायची आणि पाणी भरून जागच्या जागी ठेवायची. आज ही सापडली, तू ओत. काल मी ओतली.   सुनेने फोनवरचं सगळं सासूबाईंना घाईघाईने सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"गाडी थांबवा हो," सून कंडक्टरला म्हणाली. "दुकान आलं की थांबवा."

"आता घाट उतरेपर्यंत काही नाही. सव्वा तास. इथं नुसती झाडं आहेत, बाई."

गवंडी शर्टावरून काहीतरी झटकत होता. "मुंग्या," तो म्हणाला. "आई, बाकावर मुंग्याच मुंग्या झाल्यात बघ." बाकावर काही नव्हतं. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

सासूबाई उठल्या. सुनेच्या हातातलं झाकण त्यांनी घेतलं आणि बाकांना धरत धरत मागे निघाल्या. जन्मात कधी कुणापुढे हात पसरला नव्हता त्या बाईने.

"कुणाकडे दारू असली तर द्या हो," त्या प्रत्येक बाकापाशी थांबून म्हणत होत्या. "दोन झाकणं फक्त. माझ्या मुलाला पाजायचीय."

आता कुणी हसलं नाही. एकाने डोळे मिटून घेतले. टोपीवाला खिडकीबाहेर पाहू लागला. एक बाई म्हणाली, "आजी, वयाला तरी शोभतं का हे?"

शेवटच्या बाकापर्यंत जाऊन सासूबाई परतत होत्या, तेवढ्यात बस मोठ्या वळणावर कलली आणि वरच्या फळीवर, हात पोचणार नाही अशा जागी, एका पिशवीत काचेवर काच वाजली. पुढच्या वळणालाही वाजली. बस इतकी गप्प होती की सगळ्यांनाच ऐकू आली.

सासूबाईंनी वर पाहिलं, मग खालच्या बाकांकडे पाहिलं.

"ही पिशवी कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

पुढून सुनेने किंकाळी फोडली. गवंड्याच्या टाचा बाकाखालच्या पत्र्यावर धाडधाड आपटत होत्या. सासूबाई झाकण वर धरून तिथेच उभ्या होत्या.

"कुणाची आहे हो?"