एकाच पत्त्यावरची माणसं

"आजी, घाबरू नका. यादीतली ही बाई तुम्हीच ना?" अधिकाऱ्याने दुसऱ्यांदा विचारलं.

आजीने कागदाकडे पाहिलंच नाही. "मी नाही ती. मी कुणीच नाही."

ताईंनी आजीच्या बोटाकडे पाहिलं. याच आजीने मत देऊन आल्यावर शाई जाऊ नये म्हणून आठवडाभर त्या बोटाला पाणी लागू दिलं नव्हतं.

ताईंची संस्था दोन खोल्यांची. पुढे टेबल आणि बाकं, मागे नळ आणि मोरी. पुलाखाली, बस स्थानकावर, दुकानांच्या फळ्यांवर झोपणारी माणसं इथे येऊन अंघोळ करत आणि कुणी पत्ता विचारला तर इथलाच सांगत. याच पत्त्यावर ताईंनी त्यांची नावं मतदारयादीत घातली होती. मग तक्रार गेली, की सरकारी अनुदानावर चालणारी ही संस्था बोगस मतदार तयार करते. 'दोन खोल्यांत एवढे मतदार? उंदीरसुद्धा मावायचे नाहीत,' असं वर्तमानपत्रात छापून आलं. आज त्याची तपासणी होती. माणसं खरी ठरली नाहीत, तर नावं जाणार, अनुदान जाणार, आणि नळही जाणार.

ताई निर्धास्त होत्या. माणसं तर खरीच होती. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या मामांना त्यांनी काल घाईघाईत सांगितलं होतं, "तुमची नावं घातली म्हणून माझ्यावर बालंट आलंय, मामा. उद्या सगळ्यांना घेऊन या. नाहीतर मला भेटायला तुरुंगात यावं लागेल." आणि त्या हसल्या होत्या.

मामा हसले नव्हते. "एकूण एक माणूस आणतो," एवढंच म्हणाले.

मामांनी शब्द पाळला होता. सगळी आली होती. केस विंचरून, अंग चोरून बाकांवर बसली होती.

"पुढचे कोण?"

'वकील' उठला. चहावाल्याशीसुद्धा तो कायद्यानेच भांडायचा, म्हणून हे नाव. आज तो हात जोडून उभा राहिला. "मत? ते कसलं असतं, साहेब?"

"अरे, काय बोलतोस हे!" ताई ओरडल्या. "कार्ड दाखव ना तुझं!"

"कसलं कार्ड?"

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका," अधिकारी म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने यादीतला फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. छपाईत सगळे चेहरे डांबराच्या थेंबासारखे काळे झाले होते.

एकेक जण उठला आणि नाही म्हणून परत बसला. कार्ड एकाकडेही नव्हतं. शेवटी राहिले मामा.

"या बाईंना ओळखता?"

"पहिल्यांदाच बघतोय," मामा भिंतीकडे पाहत म्हणाले. कोपऱ्यात ताईंची छत्री टेकून ठेवली होती. तिची काडी त्यांनी परवाच बदलून दिली होती.

अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावलं. "एक जण जरी हो म्हणाला असता, तरी मला काहीतरी लिहिता आलं असतं," तो हळू आवाजात म्हणाला. नावं कमी करण्याच्या आणि संस्था बंद करण्याच्या शिफारशीवर सही करून तो निघून गेला. त्याच्यामागून माणसंही पांगली.

ताई रिकाम्या बाकावर बसल्या. "मामा, मी काय वाईट केलं होतं हो तुमचं?"

मामांनी आधी दारातून वाकून पाहिलं. गाडी वळणापलीकडे गेल्याची खात्री केली. मग दार लोटून ते ताईंजवळ आले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले.

"आता कुणाचा बाप तुम्हाला तुरुंगात टाकू शकत नाही, ताई. सगळ्यांची कार्डंसुद्धा मी कालच गोळा करून शेकोटीत घातली."