उष्ट्याचे धनी

फावड्याचा पहिला घाव पाटीवर बसला. ‘आजचं उष्टं : अकरा किलो’ असं खडूने लिहिलेली पाटी मधोमध फुटली. दुसऱ्या घावाला वजनकाटा आडवा झाला.

विद्यापीठाच्या मेसमागे खताचे तीन खड्डे होते. भर दुपारी मधल्या खड्ड्यात उतरून माळीकाका आणि एक मुलगी थर वरखाली करत होते. मुलगी मृदाशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. ताटं ठेवायच्या खिडकीपाशी रोज उभी राहायची, कुणी अर्धं ताट टाकायला आणलं की अडवायची. पोरं तिला खतराणी म्हणत. वर्षभरात रोजचं उष्टं एकशेचाळीस किलोंवरून अकरावर आलं होतं, आणि ते अकराही आता खड्ड्यात जात होतं.

फावडं घेऊन आलेला माणूस दोघांच्याही ओळखीचा होता. डुकरवाले मामा. मेसचं खरकटं इतकी वर्षं तेच न्यायचे, चार निळी पिंपं भरभरून.

“अरे, वेड लागलं का तुला?” माळीकाका खड्ड्यातून वर चढले.

मामांनी डाव्या हातातली बादली मुलीच्या पुढ्यात उपडी केली. डुकराची पिल्लं होती. म्हणजे पिल्लांचं जे उरलं होतं ते. एका तुकड्याला अजून नाळ होती.

“काल व्याली,” मामा म्हणाले. “नऊ झाली. सकाळी बघतो तर सहा खाल्लेली. आईनेच. पोटात काही नसलं की आईसुद्धा...”

“मामा, आधी सांगायचं तरी,” मुलगी म्हणाली.

“सांगितलं! मॅनेजरला तीनदा सांगितलं. तो म्हणे खतराणीला विचारा. तुझ्याकडे आलो, तर तू माझ्या हातात कागद दिलास. ‘अन्न वाया घालवू नका’ म्हणून!”

तिला आठवलं. दिला होता. घाईत होती, त्यांचं बोलणं पुरतं ऐकलंही नव्हतं.

मामांनी खड्ड्याच्या कडेच्या विटा लाथेने आत ढकलल्या. एक वीट तिच्या गुडघ्याला लागली. माळीकाकांनी फावड्याचा दांडा धरला, तसा मामांनी तो हिसकला आणि वरून घातला. काकांच्या मनगटाच्या वर कट्कन आवाज झाला. काका खाली बसले. हात भलत्याच जागी वाकला होता, आणि ते त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे बघत होते.

मामांनी फावडं पुन्हा उचललं.

मुलीच्या हातात लोखंडी दाताळं होतं. तिने विचार केला नाही. खालूनच खुपसलं. दोन दाते मामांच्या मांडीत गेले. मामा ओरडत खड्ड्यात पडले, वाफाळत्या खतात, पाठीवर. फावडं लांब उडालं. तिने दाताळं उपसलं आणि पुन्हा उगारलं. मामांनी हात वर केला नाही, तोंडही फिरवलं नाही. नुसते बघत राहिले.

या वेळी मात्र तिने विचार केला होता. गळ्याशी नेम धरला होता.

“पोरी, बास!” काका किंचाळले. “मरेल तो! बास!”

दाताळं मामांच्या कानाजवळ खतात रुतलं.

मेसच्या खिडक्यांतून पोरं मोबाइल धरून उभी होती. गार्ड धावत आला, कमरेचा पट्टा काढून त्याने मामांची मांडी आवळली. “आधी कुणी मारलं?” त्याने विचारलं.

दवाखान्यात न्यायला गाडी एकच होती. काका-मामा दोघांना मागच्या सीटवर शेजारी-शेजारी बसवलं. मामांचे दात वाजत होते. “तीन पिल्लं खोक्यात ठेवलीत,” ते म्हणाले. “घरी कुणी नाही. आज त्यांचं कोण करील?”

“माझा हात मोडलास आणि माझ्यापुढे डुकरांचं रडतोस?” काका म्हणाले. मग दाराकडे वळून मुलीला म्हणाले, “पंपहाउसच्या मागे. लाल पत्र्याची शेड.”

“आधी आईचं पोट भर,” मामा घाईघाईने म्हणाले. “मगच पिल्लं लाव. आधी लावलीस तर गेली.”

चौकशी होईल, ऑफिसात बसून राहा, असं गार्डने तिला बजावलं होतं. ती बसली नाही. त्या दिवशीचं अकरा किलो दोन बादल्यांत भरून, लंगडत, ती शेडवर गेली.

डुकरीण कोपऱ्यात वेगळी कोंडलेली होती. बरगड्या मोजता येत होत्या, तोंड अजून लाल होतं. बादलीचा आवाज आला तशी ती फळीवर अशी आदळली की खिळे उचकटले. मुलीने बादली आत उलटी केली. हात मागे घ्यायच्या आत डुकरिणीने बाही धरली आणि फाडून नेली. दुसरीही बादली तिलाच घातली. बाकीची जनावरं पलीकडे ओरडत राहिली.

चाटूनपुसून जमीन कोरडी झाल्यावर मुलीने खोक्यातलं पहिलं पिल्लू उचललं. ते गरम होतं, तिच्या तळहातात मावत होतं. फळीवरून वाकून तिने ते आत सोडलं आणि भिंतीला टेकलेली काठी दोन्ही हातांनी डोक्यावर उगारली.

डुकरिणीने पिल्लाला हुंगलं. तोंड उघडलं. पुन्हा हुंगलं. मग जड अंगाने ती कुशीवर आडवी झाली. पिल्लू चाचपडत गेलं आणि आचळाला लागलं.

काठी मात्र खाली येईना.