पलीकडचे दोन ठोके

रंगाला भुलू नये, भिंत ठोकून बघावी, असं मिस्त्री जन्मभर लोकांना सांगत आले. आता उतारवयात स्वतःसाठी जुनं घर घ्यायचं, तर त्यांची पद्धत ठरलेली. ते आतून दोनदा ठोकायचे आणि बायको बाहेरून भिंतीला तळवा लावून उभी राहायची. भिंत भरीव लागली तर तिचे दोन ठोके, पोकळ लागली तर तीन. त्या तिसऱ्या ठोक्यापायी अकरा घरं बाद झाली होती.

हे बारावं. गल्ली शांत, खोलीभर ऊन. मिस्त्रींनी मागची भिंत ठोकली. पलीकडून दोन. ते हातभर पुढे सरकले. पुन्हा दोन. अशी सगळी भिंत झाली.

"जमलं बाई एकदाचं!" ते भिंतीलाच म्हणाले.

तेवढ्यात पुढच्या दारातून बायको धापा टाकत आत आली.

"अहो, शेजारच्या काकूंनी फाटकातच अडवलं बघा. सोडेचनात. पाणी दोन वेळा येतं म्हणे, आणि माणसं जीव लावणारी आहेत. बरं, मी जाते आता मागे. करा सुरू."

मिस्त्रींनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"इश्श! या वयात?" ती हसली.

भिंतीतून दोन ठोके आले.

तिचं हसू ओठांवरच राहिलं.

मग जरा थांबून, अगदी हलक्या हाताने, तिसरा.