हळूच सुरू झालेली सनई

मंगलाष्टकं सुरू झाली आणि दिगंबररावांचे कान वाजंत्र्यांकडे लागले. अंतरपाट सरला की ताशा कडाडणार, त्याच क्षणाची त्यांना धास्ती होती.

त्यांच्या लेकीच्या, नवरी केतकीच्या हृदयातली, पोटॅशियम बाहेर सोडणारी सूक्ष्म दारं जन्मापासून नीट चालत नव्हती. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला सावरायला वेळ लागायचा. त्यात एखाद्या आवाजानं ती दचकली, तर ते थांबूही शकत होतं. तिच्या आईलाही हेच होतं. एका सकाळी ती घड्याळाच्या गजरानं दचकली, ती पुन्हा उठलीच नाही.

"वाजंत्री नकोच," असं त्यांनी विहीणबाईंना कारणासकट सांगून पाहिलं होतं. "एकुलत्या एका मुलाचं लग्न मुकं कसं लावू?" एवढंच बोलून त्या उठल्या होत्या.

पहिल्याच मंगलाष्टकाबरोबर सनई ऐकू येऊ लागली, इतकी हलकी की आधी भासच वाटला. ताशा कुठेच नव्हता. प्रत्येक श्लोकागणिक सनई जरा जरा चढत गेली. अंतरपाट सरला तेव्हा सगळा मांडव सुरांनी भरला होता आणि केतकी हसत होती.

निरोपाच्या वेळी विहीणबाई जवळ आल्या. "भाऊ, सकाळी तिला उठवता कसं? गजर तर लावत नसाल."

 दिगंबररावांनी लेकीला जवळ घेतलं आणि तिच्या केसांवरून सावकाश हात फिरवला.

"कळलं," असं म्हणून, त्यांचा हात निघायच्या आतच विहीणबाईंनी तिथे आपला हात ठेवला.